मदत हवी आहे: आईच्या दुखण्यावर मेडिकल गांजा?
केमोनंतर आईच्या हातापायाच्या नसा इतक्या दुखतात की रात्र रात्र झोप नाही, प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाने नुसती गुंगी येते, दुखणं तसंच. मेडिकल गांजाबद्दल वाचून डोकं चक्रावलंय. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा अमली पदार्थांच्या सगळ्यात कडक यादीतून काढला, आणि २०२१ मध्ये वेदनेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटनाच म्हणते पुरेसा पुरावा नाही, मग धरायचं काय? गांजातल्या दोन मुख्य घटकांपैकी नशा टीएचसीने होते, सीबीडीने नाही, एवढं कळलं. पण आई वॉर्फरिनवर (रक्त पातळ ठेवणारं औषध) आहे, सीबीडीने त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो, मला हीच भीती जास्त आहे. कोणी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलंय का? खरंच फरक पडला? आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) किती दिवसांनी तपासायचे? प्लीज सांगा, तिचं कण्हणं ऐकवत नाही.