चुलीसाठी विटांचं धुराडं बांधायचंय, आत काय घालावं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. कोलशेत गावात आमचं जुनं कौलारू घर आहे, मागच्या पडवीत आई अजून चुलीवरच भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण करते, गॅसवरचं तिला पटतच नाही. पण धूर सगळा कोंडतो आणि तिचा खोकला ऐकवत नाही आता, म्हणून पावसाच्या आत पक्कं धुराडं बांधायचं ठरवलंय. गवंडी म्हणतो आत सिमेंटचा पाईप उभा करू, बाहेरून विटा नि गिलावा, झालं काम. हार्डवेअरवाला ड्रेनेजचा चिनी मातीचा पाईप घ्या म्हणतो. परदेशात धुराड्याच्या आत बसवायचे मातीचे खास पाईप, म्हणजे लायनर असतात असं वाचलं, पण ठाण्यात कुणाकडे दिसले नाहीत. आणि आपल्याकडे याला आयएस कोड, म्हणजे भारतीय मानक आहे का? एकाने ४९९८ सांगितला.

भट्टी_तळोजा
दोन्ही पाईप नको, प्लीज. सिमेंटच्या पाईपात बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असतं आणि आच लागली की तो तडकतो, कधी तुकडे उडतात. ड्रेनेजचा पाईप थंड पाण्यासाठी केलेला, तापून उभी चीर गेली तर ती विटांच्या आड राहते, तुम्हाला कळणारही नाही.

४९९८ कारखान्यांच्या उंच आरसीसी चिमण्यांसाठी आहे. तुमच्या कामाचा आयएस १६४५, १९६० सालचा, धुराडी आणि चुलींच्या आगसुरक्षेवरच आहे तो.

लायनर नाही मिळाला तरी आतून फायरब्रिकचं, म्हणजे आच सोसणाऱ्या विटांचं अस्तर करता येतं. तळोजा, तुर्भे, रबाळे एमआयडीसीच्या बाजूला भट्ट्यांना माल देणाऱ्यांकडे विचारा, ९ बाय साडेचार बाय ३ इंच हा नेहमीचा साईज. या विटांच्या मानकांत आयएस ८ चढा ग्रेड आहे, चुलीला आयएस ६ भरपूर झाला. हलक्या, नखाने खरवडल्या जाणाऱ्या इन्सुलेशनच्या विटा देतील त्या घेऊ नका, काजळी काढताना झिजतात.

खरी मेख मॉर्टरची. नुसती फायरक्ले, म्हणजे आच सोसणारी माती, भाजल्याशिवाय घट्ट होत नाही आणि धुराड्याच्या वरच्या भागात तेवढी आच पोचतच नाही, मग पावसात विटांमधले सांधे धुऊन निघतात. सोडियम सिलिकेटवालंही पाण्याने सुटू शकतं. म्हणून हाय ॲल्युमिना सिमेंट घातलेलं, पाण्यात न विरघळणारं मागा, सांधे बारीक ठेवा. आणि अस्तर नि बाहेरच्या विटा यांच्यात थोडी फट सोडा, ती मसाल्याने भरू देऊ नका, तापल्यावर अस्तराला फुगायला जागा लागते.

वासे_आणि_कौलं
वरचं सगळं बरोबर, पण मला जास्त काळजी छपराची वाटते. दिवा गावाजवळ एका जुन्या घराची कौलं उतरवताना मी होतो, धुराड्याला टेकलेला वासा बाहेरून ठीक दिसत होता, पहार लावली तर आतून काळा भुगा. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की कमी आचेवरही पेट घेतं. अमेरिकेचं धुराड्यांच्या आगसुरक्षेचं मानक एनएफपीए २११ घराच्या आतल्या धुराड्यापासून लाकूड किमान २ इंच लांब ठेवा म्हणतो. उंचीलाही त्यांचाच नियम वापरा: छपरातून बाहेर पडतं तिथून ३ फूट, आणि १० फुटांच्या आत आढं असेल तर त्याहून २ फूट वर.

खाडीकाठ
बापरे. आमचा एक वासा बरोबर चुलीच्या वरूनच जातो, गवंडी तो विटांतच बसवणार होता.

वासे_आणि_कौलं
अजिबात बसवू देऊ नका. सुतार बोलवा, तो वासा कापून दोन्ही बाजूंच्या वाशांना आडवी लाकडं ठोकून पेलायचा, मध्ये धुराडं मोकळं. धुराडं आणि छपरामधल्या फटीवर जीआय पत्र्याची झालर, कौलांखाली सरकवलेली, नाहीतर जूनमध्ये पडवीत धार लागेल.

भट्टी_तळोजा
आणि तळाशी काजळी काढायला बिडाचं दार ठेवा, लोखंडी चौकटीसकट. वर बाहेर आलेली सिमेंटची टोपी, खाली पाणी गळायला खाच. काजळी ३ मिमी जमली की ब्रश मारायचा, ओली लाकडं जाळली तर हे फार लवकर होतं. पडवीला खिडकी आहे ना? ताजी हवा आत आलीच नाही तर धुराडं ओढत नाही, कार्बन मोनॉक्साईड आतच राहतो आणि त्याला वासही नसतो. चुलीवर धूर गोळा करायला जे झाकण बांधाल त्याचं तोंड किती बाय किती ठेवताय ते कळवा, धुराड्याची आतली पोकळी क्षेत्रफळाने साधारण त्याच्या दहाव्या भागाएवढी धरायची, विटांचा हिशोब काढून देतो.