रिंगमध्ये सिंक-इथरनेटचा क्लॉक सोर्स कसा लावावा? फायबर तुटली आणि दोन स्विच एकमेकांनाच धरून बसले

हुपरीचा_गडी
नमस्कार मंडळी. कोल्हापूर भागातल्या एका लहान नेटवर्कचं काम बघतो. सहा स्विचची १० गिगची फायबर रिंग आहे: कोल्हापूर, शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर, इचलकरंजी, हुपरी, परत कोल्हापूर. जीपीएसवरचं मुख्य घड्याळ कोल्हापुरातच, शाहूपुरीत. तिथूनच सगळ्यांना सिंक-इथरनेटनं, म्हणजे इथरनेटच्या सिग्नलच्या ठेक्यातूनच, क्लॉक जातो. रिंगवर मोबाइल टॉवर आहेत, काही जुन्या ई-१ (२ मेगाबिटच्या टेलिफोन) लाइनी आहेत.

गेल्या महिन्यात रस्त्याच्या खोदकामात शिरोली–हातकणंगले फायबर तुटली. डेटा लगेच दुसऱ्या बाजूनं वळला. पण तासाभरानं जयसिंगपूरच्या ई-१ वर स्लिप (क्लॉक न जुळल्यानं डेटाची फ्रेम गळणं किंवा दुबार येणं) यायला लागल्या, मग टॉवरवाल्यांचे फोन सुरू. स्विच बघावेत तर सगळीकडे 'लॉक्ड' (क्लॉक धरलेला), क्वालिटी पीआरसी (सगळ्यात वरची, मुख्य घड्याळाची), अलार्म एकही नाही. रात्री अडीचला फायबर जोडली तेव्हा आपोआप सुधारलं.

हुपरी थेट कोल्हापूरवरून क्लॉक घेतं. बाकी सगळ्यांना शिरोलीच्या बाजूचा पोर्ट प्रायॉरिटी १, दुसरा पोर्ट २. जयसिंगपूरसाठी दुसरा जीपीएस रिसीव्हर आलाय, तो कितव्या नंबरला लावू? आणि हे परत होऊ नये म्हणून काय बदलू?

पंचगंगाकाठ
भावा, आधी एक सांग. हातकणंगले–जयसिंगपूर लिंकवर कुणी क्यूएल (क्लॉकची क्वालिटी) हातानं भरलंय का? दोन्ही टोकांचं कॉन्फिग बघ.

हुपरीचा_गडी
दादा, बरोबर पकडलंत. दोन्ही टोकांना 'पीआरसी' हातानं भरलेलं आहे. पूर्वी तिथं जुना स्विच होता, तो ईएसएमसी (क्लॉकची क्वालिटी सांगणारा निरोप) पाठवतच नव्हता, म्हणून सोर्स पात्र ठरत नव्हता. तेव्हा कुणीतरी भरलं आणि स्विच बदलल्यावरही तसंच राहिलं.

पंचगंगाकाठ
मग तिथंच पाणी मुरतंय. स्विच सोर्स निवडताना आधी क्वालिटी बघतो, प्रायॉरिटी नंतर. दोन सोर्सची क्वालिटी सारखी असेल तरच प्रायॉरिटीचा नंबर कामाला येतो. ही क्वालिटी ईएसएमसीच्या निरोपातून कळते. सेकंदाला एक निरोप येतो, ५ सेकंद आला नाही तर तो सोर्स बाद. आणि ज्या पोर्टवरून आपण क्लॉक घेतो, त्याच पोर्टवर उलट 'डीएनयू' पाठवायचा, म्हणजे 'माझा क्लॉक तू घेऊ नको, तो तुझाच आहे'.

तुझ्या रिंगमध्ये व्हायला हवं होतं ते असं. फायबर तुटली, हातकणंगलेचा सोर्स गेला. जयसिंगपूर त्याच्याकडूनच घेत असल्यानं त्या बाजूनं डीएनयू येतोय. मग हातकणंगले होल्डओव्हरला (शेवटची चाल आठवून स्वतःच्या घड्याळावर) जाणार आणि पुढं पीआरसीऐवजी ईईसी-१ (स्विचच्या स्वतःच्या घड्याळाची खालची क्वालिटी) सांगणार. जयसिंगपूरनं तेच इचलकरंजीला सांगितलं की इचलकरंजीला हुपरीकडून पीआरसी दिसतो, ते तिकडं वळणार. मग जयसिंगपूर इचलकरंजीकडं, हातकणंगले जयसिंगपूरकडं. काही सेकंदांचा खेळ.

पण हातानं भरलेल्या क्यूएलपुढं डीएनयूला कोण विचारतो? हातकणंगलेनं जयसिंगपूरचा क्लॉक धरला, जयसिंगपूर हातकणंगलेला धरूनच होतं. दोघंही 'लॉक्ड', दोघंही 'पीआरसी', आणि दोघं मिळून वाहवत चाललेत. इचलकरंजीलाही पीआरसीच दिसत राहिला, म्हणून ते हललं नाही. लूपमध्ये अलार्म येत नाही, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

हातानं भरलेलं क्यूएल काढ, सहाही स्विचवर क्यूएल मोड चालू कर, ईएसएमसी दोन्ही दिशांना चालू. शाहूपुरीत घड्याळ २०४८ किलोहर्ट्झवर येत असेल तर तेवढ्या एका इनपुटला क्यूएल हातानं द्यावंच लागतं, त्या सिग्नलमध्ये क्वालिटीचा निरोप नसतो. रिंगच्या पोर्टवर मात्र कधीच नाही.

आणि इचलकरंजीला प्रायॉरिटी १ हुपरीच्या बाजूला दे. कोल्हापूरपासून तिकडून दोन उड्या (लिंक) आहेत, शिरोलीकडून चार.

उदगाव_पूल
वरच्या दादांशी सहमत. जयसिंगपूरबद्दल माझं मत: मोजून बघा, कोल्हापूरपासून ते दोन्ही बाजूंनी तीन उड्यांवर येतं. म्हणजे दुसऱ्या घड्याळाची जागा नेमकी तीच. पण रिसीव्हर प्रायॉरिटी ३ ला ठेवा. रोज सगळे शाहूपुरीच्या घड्याळावर चालतील. शाहूपुरीची अँटेना वळिवाच्या विजेत गेली तर कोल्हापूर ईईसी-१ सांगायला लागेल, जयसिंगपूरला आपला जीपीएस वरच्या क्वालिटीचा दिसेल आणि क्लॉक उलट दिशेनं वाहील.

पंचगंगाकाठ
मी १ ला ठेवीन, ताई. जयसिंगपूर स्वतःच्या जीपीएसवर असेल तर तिथले ग्राहक रिंगवर अवलंबून राहत नाहीत. दोन पीआरसीमध्ये फरक किती? जी.८११ या मानकाप्रमाणे प्रत्येकी १०⁻¹¹. दोन्ही उलट दिशांना पूर्ण सरकले तरी ई-१ वर साधारण ७२ दिवसांत एक स्लिप.

उदगाव_पूल
फरकाची भीती मलाही नाही. माझी काळजी देखभालीची आहे. रोजचं घड्याळ एकच असेल तर बिघाड शोधताना एकच झाड चढायचं असतं. ज्याच्याकडं रात्री जायला एकच माणूस आहे, त्यानं ३ ला ठेवावं.

शिरोली_एमआयडीसी
दोन गोष्टी राहिल्या. वेट-टू-रिस्टोअर (परत आलेला सोर्स पुन्हा धरण्याआधी थांबायचा वेळ) बहुतेक ठिकाणी ५ मिनिटं असतं. पावसाळ्यात तात्पुरत्या जोडावर फायबर ये-जा करते, तेव्हा मी १२ करतो. जी.७८१ या मानकात तेवढीच कमाल मर्यादा आहे. त्याशिवाय क्लॉक सारखा उड्या मारतो.

दुसरं, टॉवरकडं तांब्याचा एसएफपी (स्विचच्या पोर्टमध्ये घालायचं मॉड्यूल) लावला असेल तर तो काढा. १ गिगच्या तांब्याच्या लिंकवर क्लॉकची दिशा मास्टर-स्लेव्ह (कुठलं टोक क्लॉक देणार, कुठलं घेणार) ठरवतं, आणि तसल्या बहुतेक एसएफपीमधून क्लॉक पलीकडं पोचतच नाही. लिंक हिरवी दिसते, खाली सगळं मोकळं. सध्या फोर-जीचं एफडीडी (जाण्या-येण्याला वेगळ्या फ्रिक्वेन्सी) असेल तर फ्रिक्वेन्सीवर भागतं, फाइव्ह-जीच्या टीडीडीला (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं जाणं-येणं) वेळही जुळावी लागते, तिथं पीटीपी (नेटवर्कवरून वेळ पोचवायची पद्धत) लागेल. सिंक-इथरनेट तेव्हाही खाली असलेलं बरं.

हुपरीचा_गडी
मंडळी, रविवारी पहाटे दोनला करून बघितलं. हातानं भरलेलं सगळं काढलं, इचलकरंजी हुपरीकडं वळवलं, रिसीव्हर ३ ला लावला. 'लॉक्ड'वर विश्वास ठेवायचा नाही म्हणून जयसिंगपूरच्या ई-१ वर जीपीएसचा संदर्भ असलेला टेस्टर लावून ठेवला आणि शिरोलीची पॅच कॉर्ड काढली. हातकणंगले होल्डओव्हर, जयसिंगपूर इचलकरंजीकडं, मग हातकणंगले जयसिंगपूरकडं. स्लिप एकही नाही.

मग शाहूपुरीची अँटेना काढली तर कोल्हापूर वळेनाच. शिरोलीचा स्विच ऑप्शन २ वर (क्वालिटीच्या कोडांची उत्तर अमेरिकेतली पद्धत, आपली ऑप्शन १) निघाला. जयसिंगपूरचा पीआरसी ००१० कोडनं येत होता आणि ऑप्शन २ मध्ये सगळ्यात वरची क्वालिटी, पीआरएस, असतो ०००१, म्हणून शिरोलीनं तो घेतलाच नाही. ऑप्शन १ केल्यावर पाठोपाठ सगळे वळले. हुपरीच्या बाजूनं का वळलं नाही, ते अजून सापडलेलं नाही. तिथले ईएसएमसीचे काउंटर उद्या इथं टाकतो, कृपया बघा.

पंचगंगाकाठ
टाक. पाठवलेले आणि आलेले, दोन्ही टाक.