ओकॅमल: बाप एकच, तरी दोन ऑब्जेक्ट एका लिस्टमध्ये का बसत नाहीत?

रात्रीचा_कोडर
जावा बरीच वर्षं केलंय, आता ओकॅमल ही प्रोग्रामिंग भाषा शिकतोय आणि क्लासेसपाशी गाडी अडलीय. शेप नावाचा व्हर्च्युअल क्लास (म्हणजे मेथडचं नुसतं नाव असलेला, कोड खालच्या क्लासने लिहायचा) केला, त्यात एरिया ही एकच मेथड. सर्कल आणि स्क्वेअर दोन्ही त्याच्यावरून इनहेरिट केले, सर्कलला वरून रेडियस आणि स्क्वेअरला साइड अशी एकेक जास्तीची मेथड दिली. दोघांना एका लिस्टमध्ये टाकलं की कंपायलर बोंबलतो, म्हणे ह्यात रेडियस मेथडच नाही. अरे पण दोघांचा बाप एकच ना? आणि इथे जावासारखं इम्प्लिमेंट्स वगैरे काही दिसत नाही, मग इंटरफेस म्हणजे ओकॅमलचा तो क्लास टाइप (क्लासमध्ये काय काय आहे त्याची नुसती यादी) का?

उलटी_वेलांटी
बाप कोण हे ओकॅमल बघतच नाही हो. इनहेरिट म्हणजे वरच्या क्लासमधला कोड खाली आणणं, बास. ऑब्जेक्टचा टाइप ठरतो तो त्याच्या पब्लिक मेथड्सवरून, म्हणजे सर्कल आणि शेपचा काडीचा संबंध नसता आणि एरिया मेथड तेवढी असती तरी सर्कल हा शेपचा सबटाइप (म्हणजे शेपच्या जागी चालणारा) झालाच असता. फक्त ही भाषा ते रूपांतर स्वतःहून करत नाही, कारण टाइप इन्फरन्स (कंपायलरने टाइप स्वतःच ओळखणं) आणि आपोआप होणारं सबटाइपिंग एकत्र नांदवणं फार अवघड आहे. म्हणून लिस्टमध्ये टाकताना प्रत्येकाला :> लावून शेप करून टाका, रनटाइमला त्याचा काही खर्च नाही. पण एकदा शेप केला की परत सर्कल करता येत नाही, ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचा हे तपासणारं जावासारखं इन्स्टन्सऑफ इथे नाही.

आणि फंक्शनला तर हेही लागत नाही. नुसतं एक्स#एरिया (म्हणजे एक्सची एरिया मेथड चालव) लिहा, कंपायलर स्वतःच टाइप काढतो की 'एरिया असलेला कुठलाही ऑब्जेक्ट, बाकी काय असेल ते असो'. टाइपमध्ये शेवटी दोन टिंबं दिसतात ना, ती त्याचीच.

रात्रीचा_कोडर
:> ने चाललं, धन्यवाद! पण आता शेपचा क्लास टाइप करून सर्कलच्या डोक्यावर लावला तर म्हणतो पब्लिक मेथड रेडियस लपवता येणार नाही. मी कुठे लपवतोय??

उलटी_वेलांटी
तिथेच तो जावाच्या इंटरफेसपेक्षा वेगळा पडतो. क्लासला असा टाइप लावला की 'बाहेरून हा क्लास एवढाच दिसेल' असा अर्थ होतो. इन्स्टन्स व्हेरिएबल आणि प्रायव्हेट मेथड लपतात, पब्लिक मेथड लपत नाही. तुम्हाला फक्त एरिया राहून गेली का एवढंच तपासायचं असेल तर व्हर्च्युअल क्लास इनहेरिट केलाय तेच बरोबर आहे, एरिया विसरलात तर कंपायलर लगेच सांगेल की मग हा क्लासही व्हर्च्युअल करा.

फोल्ड_राइट
वरच्यात भर, कारण खरी गंमत पुढे आहे. समजा कम्पेरेबल असा क्लास केला ज्यात लेक्यू ('लहान किंवा समान आहे का' हे सांगणारी) मेथड 'माझ्याच टाइपचा' दुसरा ऑब्जेक्ट घेते. त्यावरून मनी क्लास इनहेरिट होतो, छान चालतो, पण मनी हा कम्पेरेबलचा सबटाइप होत नाही, :> लावलं तरी नाही! कारण लेक्यूला मनीच हवा, आणि मनीला कम्पेरेबल म्हणू दिलं तर उद्या कोणी त्याला भलताच कम्पेरेबल देईल ज्यात रक्कमच नाही. कुक, हिल आणि कॅनिंग यांचा 1990 चा पेपर ह्यावरच आहे, इनहेरिटन्स म्हणजे सबटाइपिंग नव्हे. जावात दोन्ही एकाच एक्सटेंड्समध्ये बांधलेत म्हणून फरक जाणवत नाही.

स्कालावाला
स्काला ह्या भाषेत सर्कल आणि स्क्वेअर लिस्टमध्ये टाकले की लिस्टचा टाइप आपोआप शेपवर येतो, तिथे नातं नावाने ठरतं आणि ट्रेट हाच इंटरफेस. पण त्या बदल्यात नाव दिलेल्या फंक्शनच्या पॅरामीटर्सचे टाइप हाताने लिहायला लागतात, फुकट काही नाही. आणि खरं सांगू, आकार ठरलेले असतील तर ओकॅमलमध्ये क्लास कशाला, साधा व्हेरिएंट (ठरावीक पर्यायांचा टाइप) आणि मॅच (कुठला पर्याय त्यानुसार कोड) लिहा. बाहेरच्या कोणी नवे आकार आणून जोडायचे असतील तरच ऑब्जेक्ट.