मदत हवी आहे: विमान ब्राव्होच्या (मोठ्या विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाई हद्दीच्या) खालून नेलं तरी 'फोन करा' म्हणाले

सोलो_चालू: बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को, अमेरिका) विमान चालवायला शिकतोय. काल क्रॉसकंट्रीहून (लांबच्या सरावफेरीहून) एकटाच परतताना सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लास ब्राव्होच्या ज्या पट्ट्यात चार्टवर १०० आणि त्याखाली ३० लिहिलंय (म्हणजे माथा १०,००० फूट, तळ ३००० फूट) तिथून २९०० फुटांवर आलो, म्हणजे तळाच्या १०० फूट खालीच, फ्लाइट फॉलोइंग (कंट्रोलर रडारवर लक्ष ठेवतो ते) चालू होतं आणि अचानक कंट्रोलर म्हणाला 'पॉसिबल पायलट डेव्हिएशन' (पायलटकडून नियम मोडला गेला असावा), फोन नंबर लिहून घ्या. मी आत गेलोच नाही!! चार्ट चुकीचा वाचतोय का? रात्रभर झोप नाही, प्लीज लवकर सांगा.

साताराकर: सेक्शनल (मोठ्या प्रदेशाचा) की टर्मिनल (मोठ्या विमानतळाभोवतीचा) चार्ट? तिकडे टर्मिनलच वापर, १:२,५०,०००, सेक्शनलपेक्षा सगळं दुप्पट मोठं दिसतं. आणि ५६ दिवसांनी नवा येतो, जुना नाही ना?

सोलो_चालू: आयपॅडवर टर्मिनलच आहे, अपडेटेड.

मंजिरी_के: कागदी पण ठेवा हो, माझा आयपॅड उन्हात तापून हवेतच बंद पडला होता.

साताराकर: कागदावर आपण नेमके कुठे आहोत ते दिसत नाही ताई.

कोल्हापुरी_पंख: अरे कंट्रोलर बोलत होता म्हणजे परवानगी आलीच की, काळजी सोड.

मंजिरी_के: अजिबात नाही, मुलाला चुकीचं सांगू नका. ते क्लास चार्लीत (त्याहून लहान विमानतळांभोवतीच्या हद्दीत), तिथे तुमचं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेऊन उत्तर दिलं की पुरतं. ब्राव्होसाठी 'क्लिअर्ड इंटू ब्राव्हो' कानांनी ऐकायला लागतं. शिवाय स्टुडंट सोलोला त्याच ब्राव्होची सीएफआयने (प्रशिक्षकाने) दिलेली ९० दिवसांतली एंडोर्समेंट (लेखी मंजुरी) लागते. आहे का?

सोलो_चालू: नाही ना, म्हणून तर खालून जात होतो.

 

उंची_मोजणारा: चार्ट बरोबर वाचलायस. अल्टिमीटर (उंचीमापक) सेटिंग, म्हणजे त्यात लावलेला हवेचा दाब, किती होतं?

सोलो_चालू: कंट्रोलरने दिलं तेच लावलं.

उंची_मोजणारा: आकडा सांग. तू अल्टिमीटरच्या खिडकीत काहीही लाव, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची माहिती पाठवणारं यंत्र) २९.९२ इंच दाब धरूनच उंची पाठवतो आणि त्यांच्या स्क्रीनवर तिकडच्या दाबाने दुरुस्त होऊन दिसते. म्हणजे तुझं सेटिंग चुकलं तर तुला २९०० आणि त्यांना वेगळंच दिसणार.

सोलो_चालू: नीबोर्डवर (मांडीवरच्या टिपणपाटीवर) कंट्रोलरने दिलेलं ३०.०८ लिहिलंय. पण खाडीचा फोटो काढला होता त्यात पॅनल आलंय आणि खिडकीत २९.८८ दिसतंय...

उंची_मोजणारा: ०.२० इंच म्हणजे २०० फूट. सेटिंग कमी लावलं म्हणून अल्टिमीटरने उंचीही कमी दाखवली. तू ३१०० वर होतास.

सोलो_चालू: बापरे. लायसन्स जाईल का?

मंजिरी_के: आधी सीएफआयला सगळं सांग, मग त्या नंबरवर फोन कर, वाद घालू नकोस. आणि नासाचा सुरक्षा-अहवाल १० दिवसांच्या आत भर, चूक मुद्दाम केलेली नसेल तर दंडापासून बराच आधार मिळतो. फोटो डिलीट करू नकोस.

सोलो_चालू: सीएफआयला फोन लावतोय.