मदत हवी आहे: आयएसओ कमी ठेवूनही रात्रीच्या फोटोत एवढा नॉइज का?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यातल्या अमावास्येला पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला गेलो होतो. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाचं शिखर आणि त्यामागे आकाशगंगा, एवढा एकच फोटो डोक्यात होता. पहाटे साडेतीनला आकाश अगदी स्वच्छ मिळालं. घरी येऊन फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला आणि मन खट्टू झालं.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा जुना डीएसएलआर, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स, ट्रायपॉड. १८ मिमी, एफ ३.५, २० सेकंद, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). ‘आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते सेटिंग) वाढवला की नॉइज (फोटोतले नकोसे ठिपके) वाढतो’ हे पहिल्या दिवसापासून ऐकलेलं, म्हणून हट्टाने ४०० वर ठेवला. फोटो जवळजवळ काळा आला, तो लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये तीन स्टॉप, म्हणजे तीनदा दुप्पट, उजळला. आकाश तरी बघवतं, पण शिखराच्या दगडावर कोरीवकामाच्या जागी लाल-हिरवी रांगोळी सांडल्यासारखे ठिपके आहेत आणि खालच्या सावलीत जांभळट आडव्या रेघा. नॉइज रिडक्शन वाढवलं की ठिपके जातात, पण दगड मेणाचा दिसतो आणि बारीक तारेही पुसले जातात.

कोडं पुढेच आहे. एक फोटो चुकून आयएसओ ३२०० वर निघाला, बाकी सगळं तेच. तो याहून कितीतरी स्वच्छ आहे! असं कसं? शिवाय काही लाल-निळे ठिपके प्रत्येक फोटोत अगदी त्याच जागी आहेत. सेन्सर गेला का?

नवीन कॅमेरा घेणं सध्या शक्य नाही, आहे त्यातच जमवायचं आहे.

प्रतिसाद १

सेन्सर ठीक आहे. एकाच जागचे ठिपके म्हणजे हॉट पिक्सेल, प्रकाश नसतानाही चमकणारे सेन्सरचे ठिपके. मे महिन्यातल्या उकाड्यात लांब एक्सपोजर दिलं की ते दिसतातच. कॅमेऱ्यात लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू केलंत तर २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेतो आणि ते ठिपके वजा करतो.

आता मूळ प्रश्न. पहिल्या पावसाचे थेंब अंगणातल्या फरशीवर पडताना आठवा. एका फरशीवर तीन थेंब, शेजारची कोरडी. सर कोसळली की सगळ्या सारख्या भिजतात. प्रकाशाचंही तसंच. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडले तर त्यात साधारण १० चा, म्हणजे १० टक्के चढउतार असतो. १०,००० पडले तर फक्त १ टक्का. तुमच्या दोन्ही फोटोंत एफ ३.५ आणि २० सेकंदच होते, म्हणजे प्रकाश सारखाच जमला. फरक पडला तो कॅमेऱ्याच्या सर्किटच्या स्वतःच्या खरखरीने. ३२०० वर सिग्नल ती खरखर मिसळण्याआधीच वाढवला जातो. ४०० वर ती आधी मिसळली आणि लाइटरूममध्ये तुम्ही तिलाही आठपट केलंत. जांभळट रेघा त्याच. काही नव्या सेन्सरमध्ये हा फरक फारसा दिसत नाही, जुन्यांत हमखास दिसतो.

तेव्हा १६०० ते ३२०० वर बिनधास्त घ्या, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) डाव्या, म्हणजे काळ्या बाजूच्या भिंतीला चिकटू देऊ नका. एकाऐवजी १६ फोटो घ्या आणि सिक्वेटरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. नॉइज एक चतुर्थांशावर येतो आणि तारे पुसले जात नाहीत.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. पण दगडासाठी माझी पद्धत वेगळी आहे. संधिप्रकाश असतानाच ट्रायपॉड पक्का लावून जमीन आयएसओ १०० वर घ्यायची, ट्रायपॉड अजिबात न हलवता काळोखाची वाट बघायची, मग आकाश घ्यायचं आणि घरी दोन्ही जोडायचे. मे महिन्यात आकाशगंगेचा गाभा मध्यरात्रीच्या सुमारास वर येतो, त्यामुळे हे जमवणं कठीण. कोजागरीनंतर आठवड्याने जा. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, संध्याकाळी गाभा नैऋत्येला कलताना दिसतो. तेव्हा कोकणकडा गाठा. हवाही गार असते, हॉट पिक्सेल कमी.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल लेन्सला टोपण लावून २० सेकंदांचा फोटो काढला. लाल ठिपके त्याच जागी! कोजागरीनंतरचं नक्की करतोय. कड्यावर वारा फार असतो, तासभर ट्रायपॉड हलू नये म्हणून तुम्ही काय करता? बॅगेचं वजन टांगलं तर ती झोके घेऊन उलट हलवेल का?