मालिशीच्या कामातला आनंद

दिवसभर परक्यांची अंगे रगडण्यात आनंद कसला, या प्रश्नावर मी जळगावातला माझा अनुभव नोंदवतो. रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी सुरू झाली, की २०-२५ किलोंचे घड खांद्यावरून वाहणारे मजूर माझ्याकडे येतात आणि त्यांच्या मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू इतका ताठरलेला असतो, की आरंभी कोमट तिळाच्या तेलाने हलका हातच फिरवावा लागतो. घाईने जोर दिला, तर तो उलट अधिक आखडतो. तो स्नायू हाताखाली सैल होऊ लागतो आणि समोरच्याचा श्वास संथ होतो, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. जोर मात्र अंगठ्यांचा नव्हे, शरीराच्या भाराचा लावावा. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर रक्ताच्या गुठळीच्या शंकेने मी मालिश न करता आधी डॉक्टरांकडे पाठवतो.