मदत हवी आहे: सी प्रोग्रॅममध्ये ६.६ फॅटला ६.५ चा दर लागतोय

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पप्पा आमच्या गावच्या दूध संस्थेत सचिव आहेत. आजूबाजूच्या गावांत सगळं कॉम्प्युटरवर गेलंय, आमच्याकडे अजून वही आणि कॅल्क्युलेटर. दर दहा दिवसांनी बिलं काढायची वेळ आली की दोन रात्री घरात नुसती टकटक. म्हणून मायक्रो प्रोजेक्टला हाच विषय घेतला: सभासद नंबर, नाव, लिटर आणि फॅट टाकली की रक्कम आली पाहिजे. एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) सध्या बाजूला ठेवलाय. सर म्हणाले, आधी एवढं तर चालू दे.

म्हशीचं दरपत्रक ६.० फॅटपासून सुरू होतं आणि पुढे एकेका पॉइंटला दर वाढत जातो. ते दर ॲरेत (ओळीने नंबर लावलेल्या घरांत) ठेवलेत. शून्याव्या घरात ६.० चा, पहिल्या घरात ६.१ चा, असं पुढे. फॅट फ्लोटमध्ये (पॉइंटवाल्या आकड्यांचा प्रकार) वाचते, त्यातून ६.० वजा करते, १० ने गुणते आणि येईल ते इंट (पूर्णांक) करून ॲरेचा इंडेक्स (घराचा नंबर) म्हणून वापरते. बस, एवढंच. (कोड मोबाईलवरून नीट चिकटवता येईना, म्हणून शब्दांत सांगतेय.)

परवा गेल्या दहा दिवसांची वही घेऊन आकडे भरत बसले होते. शेजारच्या आत्ती चहाला आलेल्या. त्यांना लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण फॅटचा आकडा लांबून ओळखतात. म्हणाल्या, "माझी ६.६ लागलीया, मशीनच्या चिठ्ठीवर हाय की. मग तुझा कॉम्प्युटर ६.५ चा दर का दावतोय?"

मग एकेक आकडा टाकून बघितला. ६.०, ६.३, ६.४, ६.५, ६.८, ६.९ बरोबर. ६.१, ६.२, ६.६, ६.७ एक पॉइंट खाली. सातच्या पुढेही हुबेहूब तसंच. चुकून एकदासुद्धा वर जात नाही, जातंय ते खालीच, म्हणजे तोटा कायम सभासदाचा. पप्पा म्हणाले, "हे संस्थेत लावलं तर मला गावात राहू देतील का?"

काय काय करून बघितलं: प्रिंटएफने फॅट छापली, ६.६ च येते. दरांचा ॲरे दोनदा तपासला. त्याआधी इंडेक्सऐवजी इफ-एल्सची माळ लावली होती, 'फॅट इक्वल-इक्वल ६.६ असेल तर हा दर' अशी. त्यात तर फक्त ६.०, ६.५, ७.० वाल्यांनाच दर मिळायचा, बाकी सगळे शून्य.

अजून एक बारका त्रास आहे. सभासद नंबर टाकून एंटर दाबला की 'नाव टाका' छापून येतं आणि नाव न घेताच पुढे पळतं.

सी चालवायला घरी कोडब्लॉक्स आहे, कॉलेजच्या लॅबला अजून जुना टर्बो सी च. पुढच्या आठवड्यात दाखवायचं आहे. कुणी सांगेल का?

—

तांबडा रस्सा:
भावा, फ्लोट कुठं वापरतोस, डबल (फ्लोटचाच जास्त जागेचा प्रकार) लाव. विषय संपला.

—

धागाकर्ती:
मी भाऊ नव्हे, बहीण. डबल लावून बघितलं. ६.२ आणि ६.७ सुधारले. पण इतके दिवस बरोबर येणारे ६.३ आणि ६.८ आता खाली गेले! ६.१ आणि ६.६ तसेच. आत्तींचा दर काही जागचा हलला नाही.

—

सेमीकोलन विसरलेला:
रस्सा, घाई केलीस. डबलने चूक बारीक होते, जात नाही.

ताई, आधी एक कर. प्रिंटएफमध्ये तू 'पॉइंट एक एफ' लिहिलं असणार, म्हणजे तो एका दशांशावर गोल करून दाखवतो. तिथे 'पॉइंट दहा एफ' लिही आणि तुझा फ्लोटवाला जुना प्रोग्रॅम चालव. ६.६ टाकलंस की ६.५९९९९९९०४६ दिसेल. ६.३ टाकलंस की ६.३०००००१९०७. आता तुझी यादी परत वाच. जे आकडे आत किंचित कमी साठवले जातात तेच खाली जातायत, जे किंचित जास्त साठवले जातात ते निभावतात.

कारण असं की मशीन सगळं दोनच्या भाषेत लिहितं. आपण एक तृतीयांश दशांशात लिहायला घेतला तर ०.३३३ संपतच नाही, तसंच त्याला एक दशांश (०.१) लिहायला घेतला तर संपत नाही. मग जागा संपली की कुठंतरी तोडायचं. फ्लोटला त्यासाठी २४ बिटं (दोनच्या भाषेतले अंक), डबलला ५३. तोडण्याची जागा बदलली की कोण कमी आणि कोण जास्त हेही बदलतं, म्हणून डबल लावल्यावर ६.२ सुटला आणि ६.३ सापडला. फ्लोटमध्येसुद्धा ८ च्या पुढे जाऊन बघ, यादी वेगळी लागेल: ८.१ बरोबर, ८.२ खाली. ६.० आणि ६.५ कायम बरोबर, कारण निम्मा त्याला अचूक लिहिता येतो.

आणि यात भर घालतो तो इंट. सी मध्ये इंट करताना गोल होत नाही, पॉइंटच्या पुढचं सरळ छाटलं जातं. ५.९९९९९९ असेल तर हातात ५ येतो. म्हणून तुझी चूक कधी वर जात नाही.

इफ-एल्सच्या माळेतही तेच होतं. व्हेरिएबल फ्लोट, पण कोडात नुसतं लिहिलेलं ६.६ हे सी डबल धरतं. एक २४ बिटांवर तोडलेला, दुसरा ५३ वर. ते सारखे कसे ठरतील? पॉइंटवाल्या आकड्यांना इक्वल-इक्वल लावायचंच नाही.

उपाय: फॅट दहापटीत पूर्णांक म्हणून ठेव. वाचली की लगेच १० ने गुण, ०.५ मिळव आणि मग इंट कर. ६.६ चे ६६ होतात, त्यातून ६० गेले, इंडेक्स ६. तिथून पुढे प्रोग्रॅममध्ये फ्लोट दिसता कामा नये. दर आणि रक्कमही पैशांत ठेव, रुपये फक्त छापताना कर. कुणी सांगेल की पॉइंटच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन इंट वेगवेगळे वाच. चालतं, पण कुणी ६.०५ टाकलं तर त्याचे ६ आणि ५ होतात आणि त्याला फुकटात ६.५ चा दर मिळतो.

इंडेक्स वापरायच्या आधी तो ० पेक्षा कमी किंवा ॲरेच्या बाहेर नाही ना, हे बघ. ५.८ फॅट आली तर इंडेक्स उणे दोन होईल. सी तक्रार करणार नाही, ॲरेच्या अलीकडे मेमरीत जे काही पडलं असेल तोच दर म्हणून देईल.

नावाचं सोपं आहे. स्कॅनएफ (आकडा वाचणारं फंक्शन) नंबर उचलतो आणि तू दाबलेला एंटर तिथेच ठेवतो. पुढचं गेट्स (अख्खी ओळ वाचणारं फंक्शन) तो एंटर घेऊन मोकळं होतं. लॅबच्या वहीत यावर एफफ्लश एसटीडीइन लिहिलेलं सापडेल, ते उचलू नकोस. सी च्या स्टँडर्डमध्ये एफफ्लश आउटपुटसाठी आहे, इनपुटवर काय होईल ते त्या त्या कंपायलरच्या मर्जीवर. गेट्सलाही रामराम कर, किती अक्षरं घ्यायची हे त्याला सांगताच येत नाही. २०११ च्या स्टँडर्डमधून ते काढूनच टाकलंय. सगळ्या ओळी एफगेट्सने घे आणि आकडे एसस्कॅनएफने वेगळे कर.

—

गुळाचा रवा:
मी प्रोग्रॅमर नाही, मार्केट यार्डात अडतीवर असतो, पण हे वाचून मजा वाटली. आमचे वडील त्याच पेढीवर दिवाणजी होते, त्यांच्या जुन्या वह्या आणे-पैच्या आहेत. वरचं खरं असेल तर आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, तुमच्या कॉम्प्युटरला बिनचूक लिहिता यायला हवा? पाव, अर्धा, पाऊणसुद्धा? मग १९५७ ला नवे पैसे आणून सरकारने माणसाची सोय केली आणि मशीनची गैरसोय!

—

सेमीकोलन विसरलेला:
काका, अगदी बरोबर. आणा म्हणजे ०.०६२५, चपखल बसतो. पै मात्र बसत नाही, एका आण्याच्या बारा पै, त्यात तीन आडवा येतो.

—

धागाकर्ती:
घरी झालं! ६.० ते ९.९ लूप लावून चाळीसच्या चाळीस फॅट तपासल्या, सगळ्या बरोबर. नावही घेतंय. खूप आभार.

पण आज लॅबमध्ये तीच फाईल टर्बोत उघडली तर नवीनच. तपासायला सोपे आकडे घेतले होते, लिटर पूर्णांकात: ६ लिटर, दर ६० रुपये म्हणजे ६००० पैसे. उत्तर छापून आलं "-२९५.-३६". पॉइंटच्या पुढेसुद्धा वजाचं चिन्ह! शेजारच्या पीसीवरची पोरं हसून हसून बेजार. घरी हेच ३६० रुपये येतं.

—

सेमीकोलन विसरलेला:
हे माझ्यामुळे झालं, पैशांत ठेव म्हणालो आणि टर्बो विसरलो.

टर्बोचा इंट १६ बिटांचा आहे. त्यात ३२७६७ च्या वर मावत नाही, पैशांत धरले तर ३२७ रुपये ६७ पैसे. तुझे ३६००० पैसे त्यापुढे गेले, त्यातून ६५५३६ वजा झाले, राहिले उणे २९५३६. मग तू १०० ने भागून रुपये काढलेस आणि बाकी काढून पैसे, तर दोन्हीकडे वजा. घरच्या कंपायलरचा इंट ३२ बिटांचा, म्हणून तिथे काही झालं नाही.

सगळं लाँग (मोठा पूर्णांक) कर, आणि छापताना-वाचताना 'एल डी'. एक खोड मात्र लक्षात घे: फक्त उत्तराचं व्हेरिएबल लाँग करून भागत नाही. लिटर आणि दर दोन्ही इंट असले तर गुणाकार इंटमध्येच होतो, बिघडतो, आणि बिघडलेलं उत्तर लाँगमध्ये जाऊन बसतं. गुणायच्या दोघांपैकी निदान एक लाँग हवा. लाँगमध्ये २ कोटी १४ लाख रुपयांपर्यंत पैसे मावतात, गावच्या दहा दिवसांच्या बिलाला पुरेल.

—

तांबडा रस्सा:
ताई, माझं डबल मागं घेतो. बाकी घरच्या कंपायलरला सगळ्या वॉर्निंग चालू करून ठेव. मी पहिल्या वर्षाला स्कॅनएफमध्ये अँडचं चिन्ह (&) विसरून दोन दिवस घालवलेत, वॉर्निंगने तो दोन सेकंदांत सांगितला असता.

—

धागाकर्ती:
लिटर आणि दर दोन्ही लाँग केले. टर्बोतही ३६०.०० आलं. (पैसे एक आकडी असले की ३६०.५ छापायचं, त्याला 'शून्य दोन एल डी' लावलं.)

संध्याकाळी आत्तींना बोलावून त्यांची ओळ दाखवली. ६.६ ला ६.६ चाच दर. त्यांनी मान हलवली आणि लगेच वहीतली सोमवारची सकाळ काढायला लावली, तीही ६.७ होती. ती जुळल्यावरच चहा घेतला. पप्पा म्हणतात वही बंद नाही करायची, तीन बिलं दोन्हीकडे काढू आणि पैशा-पैशाला जुळलं तर बघू.

आता एसएनएफ घालायचा आहे, म्हणजे दरपत्रक आडवं-उभं दोन्हीकडून बघायचं. दोन मितींचा ॲरे फंक्शनला पाठवताना अडले की नवा धागा काढते.